चार गाड्यांचे मालक

आमच्या ट्रकची लांबी पाच मीटर एक्क्याऐंशी सेंटिमीटर आहे. हूफडॉर्पमधल्या आमच्या वसाहतीत पार्किंगची चौकट पाच मीटरची. उरलेला भाग रस्त्यावर येतो आणि त्यामुळे अख्खी गल्ली मला नावानिशी ओळखते, कारण गाडी माझ्या नावावर आहे. मी घरून चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी घेते, म्हणजे सरकारदरबारी मी उद्योजिका. धंद्याची गाडी म्हटली की कर कमी बसतो, हा शोध माझ्या नवऱ्याचा. तेव्हा कागदोपत्री हा आठ सिलिंडरचा, अडीच टनांचा अमेरिकन राक्षस पाव किलो चकल्यांची पाकिटं पोचवण्यासाठी घेतलेला आहे. पाकिटं मी सायकलवरूनच पोचवते. ट्रक हलवला तर परत लावायला जागा मिळत नाही.

ट्रक घेतला त्या आठवड्यात शेजारची हॅन्नेके आली. इथली डच माणसं आडवळणानं बोलत नाहीत. दारातूनच म्हणाली, "तुमच्याकडे गायी किती आहेत?"

मी म्हटलं, एकही नाही.

"घोडे?"

तेही नाहीत.

"मग बोट असेल, ओढून न्यायला." बोटही नाही म्हटल्यावर तिनं एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तुझा नवरा बरा आहे ना, अशी अगदी मनापासून चौकशी केली.

सुयश तसा बरा होता. दिवसभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचा आणि संध्याकाळी मला ट्रकचा इतिहास ऐकवायचा. डॉज बंधू दोघे, हाडाचे मेकॅनिक. आधी फोर्डला सुटे भाग करून द्यायचे, मग १९१४ साली स्वतःची गाडी काढली. सहा वर्षांनी दोघेही एकाच वर्षी वारले आणि पुढे त्यांच्या बायकांनी कंपनी विकून टाकली. या सगळ्या इतिहासात मला समजू शकलेली माणसं म्हणजे त्या दोन बायका. नंतर बॉनेटवर मेंढा आला, मग मेंढ्याच्या नावाचे ट्रक आले, आणि शेवटी ट्रकांनी डॉज हे आडनाव टाकून 'रॅम' म्हणून वेगळा संसार थाटला. हे सगळं मला पाठ आहे, कारण ते ऐकल्याशिवाय आमच्याकडे जेवायला बसता येत नसे.

कहर म्हणजे, आज ज्या कंपनीच्या पंखाखाली हा मेंढा आहे, तिचं अधिकृत कार्यालय हूफडॉर्पलाच आहे. आमच्या गावात! सुयशनं ट्रक टेक्ससहून बोटीनं मागवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे त्याला कळलं तेव्हा तो मला तिथं घेऊन गेला, समोर ट्रक उभा केला आणि फोटो काढायला लावला. कमरेवर हात ठेवून असा उभा राहिला, की जणू कंपनी यानंच चालवायला दिलेली आहे. फोटोत ट्रक पूर्ण मावला नाही.

मराठी मंडळात मात्र या इतिहासाला कुणी विचारलं नाही. मराठी माणसाला गाडीचा मागचा हौदा दिसला की एकच शब्द सुचतो. मंडळाच्या अध्यक्ष कुमुदिनीताईंचा पहिल्याच रविवारी फोन आला.

"सुयश, तुझा टेम्पो मोकळा आहे का रे?"

"ताई, पिकअप ट्रक आहे तो."

"हो, तोच टेम्पो. गणपतीचं मखर न्यायचंय."

मखर नेलं. मग कुणाचा सोफा, कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाची मुलगी आइंडहोवनला राहायला गेली तिचा पलंग. मोकळ्या रस्त्यांवरून एकट्यानं सुसाट जाण्याची स्वप्नं बघून ट्रक घेतला आणि शनिवार-रविवार याचा जिना चढण्यात जाऊ लागला. मी एकदा सुचवलं की दारावर 'मालवाहतूक' असं रंगवून घेऊ या. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

टेम्पो म्हटलं की सुयशच्या कपाळाला आठी पडायची, त्याचं कारण इथं फक्त मला ठाऊक होतं. मंडळात त्यानं सांगून ठेवलं होतं की वडिलांचा सांगलीला ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता. खरं म्हणजे अण्णा, माझे सासरे, सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. सत्तावीस वर्षं. गाडी शेठची, माल शेठचा. तो ट्रक डॉजचा होता. एके काळी मुंबईत, कुर्ल्याला, डॉजचे ट्रक बनत असत, त्यातलाच एक. बापाला ड्रायव्हर म्हणायची लाज वाटते आणि बाप चालवायचा त्याच घराण्यातला ट्रक मात्र साता समुद्रापलीकडून मागवायचा, असं माझ्या नवऱ्याचं डोकं चालतं. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची.

आता ते अण्णा तीन महिन्यांसाठी येणार होते. सुयशच्या दोनच इच्छा होत्या. अण्णांनी ट्रक बघून 'वा' म्हणावं आणि मंडळात कुणाशी फार बोलू नये. मी अण्णांना चौदा वर्षं ओळखते. ते 'वा' कधी म्हणत नाहीत, आणि बोलतात मात्र रस्त्यावरच्या खांबाशीसुद्धा.

अण्णा स्किपोल विमानतळावर उतरले. सुयशनं ट्रक आदल्या दिवशी धुऊन पुसून लख्ख केला होता. त्यांनी आधी चाकाला पायानं टोला दिला, मग फाळका खाली पाडून हौद्यात डोकावले.

"माल किती बसतो रं यात?"

"सहाशे किलो, अण्णा."

अण्णांनी पुढं जाऊन बॉनेट पाहिलं. ते त्यांच्या छातीला लागत होतं. "सहाशे किलोला एवढं थोबाड?"

मी हसू दाबायला विमानतळाकडे तोंड केलं. सुयशनं अश्वशक्ती सांगितली, गरम होणाऱ्या सीटचं बटण दाखवलं, डॉज बंधूंपर्यंत पोचला. अण्णांचा गुडघा दुखत होता, त्यांना वर चढायला आम्ही दोघांनी हात दिला. पहिल्या सिग्नलला त्यांना झोप लागली.

त्यानंतर महिनाभर सुयश रोज विचारायचा, "अण्णा, येताय का चक्कर मारायला?" आणि अण्णा म्हणायचे, "जाऊ की सावकाश." आणि सकाळी मला घेऊन बसनं निघायचे. अण्णांना बस आवडली. विजेवरची, आवाज न करणारी बस. ते ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरायचे. बहुतेक वेळा एक पन्नाशीची बाई चालवायला असे. चढणारा प्रत्येक माणूस तिला नमस्कार केल्यासारखं काहीतरी म्हणायचा आणि उतरणारा आभार मानायचा, याचं त्यांना कोण अप्रूप! तिसऱ्या दिवशी तेही तिला वाकून "राम राम" म्हणाले आणि तिनं उलट हात हलवला.

"बघ पोरी," ते मला म्हणाले, "रस्त्याला खड्डा न्हाई, तरी तिच्या सीटला पंप हाय. खालीवर हुतीया. पाठीला धक्का म्हणून न्हाई."

मला राहवलं नाही. "अण्णा, आपला ट्रक आवडला नाही का तुम्हाला?"

"गाडी बेस हाय की." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "पर मी सत्तावीस वर्सं डॉजच्या इंजनाशेजारी बसलो. उन्हाळ्यात पाय भाजायचं. हा गुडगा त्यातच गेला. कशापायी बसलो? तर ह्यानं बसू ने म्हणून. आन् ह्यानं शिकूनसवरून, विमानात बसून हितवर येऊन घेतलं काय, तर डॉज." ते हसले. मग एकदम गंभीर झाले. "त्याला सांगू नगंस हां. हिरमुसंल."

वर्षभर मी अशा एका वाक्याच्या शोधात होते, की जे फेकून मारलं की ट्रक विकला जाईल. ते आता आयतं हातात आलं होतं. संध्याकाळी सुयश नेहमीसारखा आला आणि त्यानं हळूच विचारलं, "अण्णा आज काही म्हणाले का, गाडीबद्दल?" मी म्हटलं, "बेस आहे म्हणाले." त्याचा चेहरा असा उजळला की माझ्याच्यानं पुढचं बोलवेना. मी चकल्या तळायला गेले.

दिवाळीचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता, भाड्याच्या हॉलमध्ये. सामान नेणं-आणणं अर्थातच टेम्पोकडे. सुयशचं मन होतं की अण्णांनी घरी आराम करावा. अण्णा सगळ्यांच्या आधी कपडे करून दारात उभे होते. कार्यक्रमभर तो त्यांच्या खुर्चीला खेटून बसला. कुणी अण्णांशी बोलायला आलं की हाच उत्तरं द्यायचा, एखाद्या मंत्र्याच्या सचिवासारखा.

कार्यक्रम संपला आणि सामान परत भरायची वेळ आली. टेबलं, पडदे, कमान, समया. सुयशनं सामान बांधायला रंगीत पट्टे विकत आणले होते आणि त्यांच्या कड्या कशा अडकवायच्या याचा व्हिडिओ तो फोनवर बघत होता. अण्णांनी दोन मिनिटं वाट पाहिली. मग पट्टे बाजूला सारले, हॉलच्या कोपऱ्यातला पडद्याचा दोर घेतला आणि कामाला लागले. जड सामान पुढं, केबिनला टेकवून. हलकं मागं. कमान आडवी. दोर हौद्याच्या एका कडीतून दुसऱ्या कडीत असा फिरला, की बघणाऱ्याला गाठ कधी पडली ते कळलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, दुखरा गुडघा, पण हात विशीतले. आजूबाजूला दहा-बारा जण जमले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"कमाल आहे हो अण्णा!" कुमुदिनीताई म्हणाल्या. "एवढा मोठा बिझनेस आणि मालक स्वतः दोर बांधतोय! आताच्या मुलांना जमेल का? किती गाड्या होत्या हो तुमच्या?"

सुयशच्या हातात समई होती. तो जागच्या जागी थिजला. अण्णांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्यांना काय ते सगळं समजलं हे मला दिसलं.

"चार," अण्णा म्हणाले.

जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण एकदा सुरुवात केल्यावर हात आखडता घेतला नाही. "दोन मुंबईला जायच्या, एक गोव्याला. एक घरच्या कामाला. पर दोर मीच बांधायचो. ड्रायव्हर लोकांचा काय भरवसा?"

सगळे हसले. ताई म्हणाल्या, खरंय, खरंय. मीही हसायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सुयश बोलला.

"नव्हत्या."

"काय?"

"चार नव्हत्या. एकही नव्हती." त्यानं समई खाली ठेवली. "ट्रक शेठचा होता, ताई. अण्णा ड्रायव्हर होते. बिझनेसचं मी खोटं सांगितलं होतं."

कुणाला कुठं बघावं कळेना. मला वाटलं, संपलं, आता हा गाडीत जाऊन बसेल. पण त्याचं संपलं नव्हतं. तो आता ताईंशी बोलत नव्हता, अण्णांकडे बघत होता.

"मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो तेव्हा अण्णा हळदीच्या खेपेबरोबर मला सोडायला आले होते. ट्रंक, गादी, सगळं वर पोत्यांवर. मी त्यांना हॉस्टेलच्या दारात येऊच दिलं नाही. दोन चौक आधी ट्रक थांबवायला लावला आणि ट्रंक डोक्यावर घेऊन चालत गेलो. 'मी धरू का एका बाजूनं' म्हणून विचारत होते. मी नको म्हटलं. कुणी बघेल म्हणून."

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण हे मला माहीत नव्हतं. वर्षभर त्या ट्रकवरून मी जे जे बोलले होते ते सगळं एकदम आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

अण्णा दोराचं टोक गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय बी सांगतोय," ते ताईंना म्हणाले. "तितं मोठ्या गाड्यांना बंदी हुती. पाटी हुती तशी. मीच म्हटलं त्याला, हितंच उतर म्हणून."

"हो हो, पुण्यात असतेच बंदी," कुमुदिनीताई घाईघाईनं म्हणाल्या.

"पाटी नव्हती, अण्णा," सुयश म्हणाला.

"हुती. तुला कुटनं दिसणार? तू रडत हुतास."

मग त्यांनी दोराचं टोक त्याच्याकडे टाकलं. "धर ते, आन् ताण चांगलं. कमान हलतीया अजून." सुयशनं डोळे पुसले, दोर दोन्ही हातांनी धरला आणि अण्णा पुरे म्हणेपर्यंत ओढत राहिला.