पाठीवरची चेन

बुरुलकानच्या निळ्या मखमली झग्याची चेन पाठीवर होती. लग्नकार्याला जायचं म्हटलं की ती समोरच्या सायराचं दार वाजवायची आणि पाठ करून उभी राहायची. चेन वर ओढताना सायराचा टोमणा ठरलेला, "खिम्याच्या मंती कमी खा, बाई. कापड रडतंय." नवरा गेल्यापासून बुरुलकानच्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तिला बाजारात लांब फितीला बांधलेला एक आकडा दिसला. तो चेनला अडकवायचा आणि फीत खांद्यावरून ओढायची.

"घ्या ताई, दोन नानच्या पैशांत येतो," विकणारी म्हणाली. "मग नवऱ्याच्या विनवण्या नकोत."

"त्या कधीच्याच संपल्या," बुरुलकान म्हणाली आणि तिने आकडा घेतला.

घरी एका ओढीत चेन मानेपर्यंत गेली. झगा अंगावर नीट बसला. आता कुणाचं काम अडवायला नको होतं. ती कुलूप लावून बाहेर आली आणि सायराच्या दारासमोर थांबली. दार वाजवायला काही कारणच उरलं नव्हतं.

तिने हात मागे नेऊन चेन चार बोटं खाली ओढली आणि दार वाजवलं.

"किती उशीर. मी केव्हाची हात धुऊन बसलेय," सायरा म्हणाली. "वळ."

बुरुलकान वळली. मानेखाली सायराची गार बोटं टेकली.

"आज बरीच वर आलीय की. कशी काय?"

"मंती कमी खाल्ल्या," बुरुलकान म्हणाली.