जानू कीमनचे पाय

येसूबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती सोपानमुळे. शेजारचा हा सोपान सकाळी दारात येऊन म्हणाला, "मावशी, जानूभाऊ बेगडेवाडीच्या पुढं रुळावर दिसलं. काय झपाझप चालत्यात!"

चालतात? तव्यावर भाकरी टाकून ती बघतच राहिली. गेले पाच महिने हाच तिचा नवरा मोरीच्या दारात उभा राहायचा तो उभाच. प्रदीपनं, तिच्या लेकानं, हौसेनं घातलेल्या पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर बापाचं पाऊल उचलत नव्हतं. कंपवात आहे, डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप पायाला पोचत नाही, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो? साठी उलटलेल्या बाईनं रोज गडीमाणूस ओढायचा, त्यात तिच्या नाकी नऊ आले होते. आणि घरात न पोचणारा निरोप रुळावर बरा पोचत होता! तिनं गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघाली.

घराच्या मागेच रूळ. भिंत धरत धरत तो एवढं अंतर काढत असणार. अर्धा मैल गेल्यावर तिला तो दिसला. पाठ ताठ, हात हलतायत, एका सिलिपरवर एक पाऊल. रुळाखालच्या या सिमेंटच्या आडव्या सिलिपरांवरून तो बत्तीस वर्षं रेल्वेचा कीमन म्हणून हातोडा घेऊन रुळाच्या ढिल्या चाव्या ठोकत हिंडला होता. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला त्याच्याकडे बघून बरंच वाटलं. मग पाच महिन्यांचा राग उसळून आला.

"अवो! सोंग करायला लाज न्हाई वाटत?" ती मागून ओरडली.

जानू दचकला, अर्धवट वळला आणि तिथंच अडकला. टाचा वर आल्या, गुडघे लटलट कापायला लागले, पण पाय जागचा हलेना. ती धावत त्याच्यापाशी गेली. तेवढ्यात घोरावाडी स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"चला बाजूला!" तिनं दंड धरून ओढलं. त्याचं अंग पुढं कललं, पाय मात्र मागंच राहिले. आणखी ओढलं असतं तर तो तोंडावर आपटला असता. आता तिच्या ध्यानात आलं, हे सोंग नाही.

"येसू, तू हो बाजूला."

"न्हाई व्हणार. पाय उचला."

"कुटं टाकू? सिलिपर सांगतो पाय कुटं टाकायचा. ह्या बाजूला नुसती खडीच हाय."

येसूबाईनं आपलं पाऊल त्याच्या अंगठ्यासमोर आडवं ठेवलं. "ह्यो सिलिपर. वलांडा."

"तुझा पाय वलांडू?" तो कचरला. बायको झाली तरी माणसाच्या अंगावरून पाय कसा टाकायचा?

"वलांडा म्हनते ना!"

त्यानं पाय उचलला. तिनं पाऊल पुढं आडवं ठेवलं, त्यानं पुन्हा उचलला. रूळ ओलांडला, मग खडी. ते उतारावर आले आणि गाडी धडधडत गेली.

दोघं गवतात बसले.

"पाच म्हैनं मी तुमाला नाय नाय ते बोलले," ती म्हणाली. "तुमी एकदा तरी सांगायचं. हितं चालता येतंय म्हनून."

जानूनं आपल्या पायांकडं बघितलं.

"कसं सांगू? हितं पाय चालत्यात, घरात न्हाई. मलाच वाटाय लागलं, तू म्हंतीस तेच खरं आसंल, मी सोंगच करत आसंन. म्हनून रोज हितं येऊन बघायचो."

येसूबाईला रडू फुटलं.