नेम चुकला नव्हता

पंधरा जानेवारी, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. मचाणावरून नीलांबरी सरनाईकने गोळी झाडली.

हरणी खालच्या मोकळ्या पट्टीत, जनावरांसाठी मीठ ठेवतात त्या खांबाच्या डाव्या अंगाला उभी होती. भेकराच्या अंगकाठीची ही हरणं जर्मनीत रेगेन्सबर्गच्या आसपासच्या रानात सगळीकडे असतात. सोबत पिल्लू नाही याची नीलांबरीने दोनदा खात्री केली होती. माद्यांच्या शिकारीचा हा शेवटचा दिवस. उद्यापासून सप्टेंबरपर्यंत बंदी.

गोळीबरोबर हरणीने पाठ कमानीसारखी वर उचलली, क्षणभर तशीच थांबली आणि मग ओढ्याच्या दिशेने झाडीत गेली. धडपडली नाही, उडी मारली नाही. पाठ वर करून जाणाऱ्या जनावराला गोळी कुठे लागलेली असते, हे शिकारीच्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यातच शिकवतात. नीलांबरीने रायफल मांडीवर ठेवली आणि हातमोजे काढून तळवे पँटला पुसले.

थंडी नव्हतीच. आठवडाभर दुपारी पारा पंधरा-सोळापर्यंत चढत होता. एरवी या दिवसांत रानात गुडघाभर बर्फ असतो आणि त्यावर रक्ताचा थेंब लांबून दिसतो. आता काळा चिखल होता, सडकी पानं होती आणि कोमट पाऊस भुरभुरत होता. ती खाली उतरली, खांबापाशी गेली, बॅटरीच्या उजेडात वाकून पाहत राहिली. रक्त दिसलं नाही. मग तिने शेजारच्या हेझलच्या झुडपाची एक डहाळी मोडली आणि हरणी उभी होती तिथे चिखलात रोवली. गोळी लागल्याच्या जागेवर अशी खूण करायची असते. हेझल फुलतं फेब्रुवारी सरताना. यंदा जानेवारीतच त्याला पिवळे तुरे लोंबत होते. परागांची पूड तिच्या बाहीला लागली.

योहान ब्रांडल दुसऱ्या मचाणावरून चालत आला. सत्तरी गाठलेला, लाकडाची वखार मुलाकडे सोपवून मोकळा झालेला माणूस. हे रान त्याच्या ताब्यात होतं, भाडेपट्ट्याने. पाच वर्षांपूर्वी नीलांबरीने परवान्याची परीक्षा दिली, तेव्हा तिला आपल्या रानात घ्यायला आजूबाजूचं कोणी तयार नव्हतं. ब्रांडलने घेतलं. दर एप्रिलमध्ये तो तिची परवानगी वर्षभरासाठी वाढवत असे, आणि दर वेळी सही करताना तेच म्हणत असे, "तुमच्या सासूबाईंना सांगा, आमच्या हरणांना त्यांचा मसाला मानवतो."

त्याने बॅटरी फिरवली. डहाळीवर उजेड थांबला.

"हेझल?"

"हाताशी होतं ते घेतलं."

"खुणेला पाचच झाडं चालतात. ओक, पाइन, स्प्रूस, फर, आल्डर. हेझल कधी ऐकलंय?" तो जरासा हसला. मग झाडीपर्यंत जाऊन परत आला. "काही नाही. चुकला."

"लागलाय. मी आवाज ऐकला. तिने पाठ वर केली."

"अंधारात डोळे बरंच काही दाखवतात."

"पोटात लागलाय, हेर ब्रांडल. सकाळी माग काढायला कुत्री आणायला हवी. मी रोझवीटाला फोन करते."

ब्रांडलने बॅटरी बंद केली. बोलताना त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"चुकलेला नेम कोणाच्या लक्षात राहत नाही, फ्राऊ सरनाईक. जखमी करून सोडलेलं जनावर मात्र सगळ्या तालुक्याच्या लक्षात राहतं. विशेषतः तुमच्या बाबतीत. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. चुकला."

ओढा ही त्याच्या रानाची हद्द. पलीकडचं रान किर्शनरचं. हद्दीवर पडलेल्या एका नर हरणावरून दोघं कोर्टात गेले होते, आणि तेव्हापासून ब्रांडल त्या माणसाचं नावही घेत नसे. हरणी ओढ्याकडे गेली होती. ते दोघांनाही माहीत होतं.

घरी मनोरमाबाई ओट्याशी उभ्या होत्या. सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आल्या होत्या. नीलांबरीचा नवरा सत्यजित कामासाठी ड्रेस्डेनला गेलेला, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच.

"लागलं का काही?"

"लागलं, आई. पण नीट नाही लागलं. पोटात लागलंय बहुतेक."

"मग आणलं का नाहीस?"

"पळाली ती. ब्रांडल म्हणतात, नेम चुकला."

"मग चुकला. रान त्याचं, तोच म्हणतोय, तर तुझं काय जातंय?"

नीलांबरीने रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली काढली आणि कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"खोटं आहे म्हणून."

"मी शाळेत जन्म काढला. पोरं चूक लपवायला धडपडायची. चूक दाखवायला धडपडणारी तू पहिलीच." मनोरमाबाईंनी गॅस बारीक केला. "आणि एप्रिलमध्ये त्याने सही नाही केली तर? रान बंद झालं तर शनिवार-रविवारी तुझं तोंड आम्ही बघायचं?"

"ती कुठेतरी बसली असेल, आई. पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही. रात्रभर बसून राहतं."

नीलांबरीने तिथेच उभं राहून रोझवीटाला फोन लावला. तिच्याकडे रक्ताचा माग काढायला शिकवलेली कुत्री होती. बोलणं मिनिटभरात संपलं. फोन ठेवल्यावर तिने ब्रांडलला निरोप लिहिला: सकाळी आठ वाजता, रोझवीटा येते आहे. उत्तर आलं नाही.

सकाळी मनोरमाबाई स्पोर्ट शूज घालून गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आई, तिथे चिखल आहे. थांबावं लागेल."

"इथे तरी काय करतेय मी? बसेन गाडीत."

रानात पोचल्या तेव्हा ब्रांडलची जीप आधीच उभी होती. तो खांबापाशी होता. रोझवीटा कुत्रीच्या गळ्यात रुंद पट्टा अडकवत होती. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. कुत्री तांबूस, लोंबत्या कानांची, नाव आफ्रा. मनोरमाबाईंनी गाडीची काच खाली केली आणि आत बसून राहिल्या.

खूण होती, पण खांबाच्या उजव्या बाजूला, बीच वृक्षाच्या रोपांजवळ. आणि ती स्प्रूसची होती. हिरवीगार, सुरीने तिरकी कापलेली.

नीलांबरी तिच्यासमोर थांबली.

"ही माझी नाही."

"हेझल शोभत नाही," ब्रांडल म्हणाला. "योग्य ती लावली."

"केव्हा?"

"काल, तुम्ही गेल्यावर."

"माझी डावीकडे होती."

"जागा तीच आहे. काल अंधार होता. दोन मीटर इकडे, दोन मीटर तिकडे."

"दोन नाही. खांबाची दुसरी बाजू आहे ही."

ब्रांडल रोझवीटाकडे वळला. "पंचेचाळीस वर्षं शिकार करतोय मी. खूण कशी लावतात ते मला कळतं."

"ते दिसतंयच," नीलांबरी म्हणाली. "काप सुंदर आहे."

रोझवीटाने दोघांकडे पाहिलं. मग आफ्राला स्प्रूसपाशी नेलं. कुत्रीने वास घेतला, एक फेरी मारली, दुसरी मारली, डोकं वर केलं आणि शेपटी खाली सोडून मालकिणीकडे बघत राहिली.

"पाहिलंत?" ब्रांडल म्हणाला. "झालं समाधान?"

नीलांबरी मचाणाकडे गेली, शिडी चढली, काल बसली होती तिथेच बसली. वरून खांब दिसत होता, खांबाच्या डावीकडे वाकलेलं बर्चचं झाड दिसत होतं, आणि त्या दोघांच्या मधे काल हरणीचं डोकं होतं. तिने हात लांब केला.

"तिथे. खांबाच्या डावीकडे. अजून थोडं. बर्चच्या रेषेत."

"वरून काहीही दिसतं," ब्रांडल म्हणाला.

"गोळी ज्याने झाडली तो दाखवेल तिथून मी सुरू करते," रोझवीटा म्हणाली. "नेहमी."

तिथे नेल्यावर आफ्राने नाक खाली घातलं आणि उचललंच नाही. रोझवीटा गुडघ्यावर बसली. पानं एकेक करून बाजूला केली, चिमटीत काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. फिकट, आखूड केस, मुळाशी तोडल्यासारखे. पोटाखालचे. पावसाने रक्त धुतलं होतं, केस राहिले होते. त्याच चिखलात बोटभर खोल एक छिद्र होतं, डहाळी रोवल्यावर राहतं तसं.

नीलांबरी खाली उतरली. तिने छिद्राकडे पाहिलं. मग चालत जाऊन स्प्रूसची फांदी उपटली आणि ब्रांडलपुढे धरली.

"ही तुमची."

त्याने ती घेतली. घ्यायची नव्हती हे घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तो ती कुठे ठेवावी ते न कळल्यासारखा नुसता धरून राहिला.

आफ्रा ओढत निघाली. माग झाडीतून खाली, जिथे गाड्या उभ्या होत्या त्या वाटेला समांतर, ओढ्यापर्यंत गेला. काठावर हद्दीचा दगड होता. कुत्री पाण्यात पुढचे पाय टाकून दोरी ताणत होती. पलीकडच्या काठावर चिखलात खुरांचे ठसे होते, मधून फाकलेले.

"इथे थांबायचं," ब्रांडल म्हणाला.

रोझवीटाने किर्शनरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. त्याच्या परवानगीशिवाय पलीकडे कुत्री नेता येत नव्हती.

"उचलणार नाही तो," ब्रांडल म्हणाला. "माझ्या रानातून आलेल्या कामासाठी तर नाहीच. दुपारी बघू."

पलीकडे चढावर किर्शनरचं शेतघर दिसत होतं. धुराड्यातून धूर येत होता.

"दुपारपर्यंत ती जिवंत असली तर?"

"आता तिला काय फरक पडतो?"

नीलांबरीने रायफल खांद्यावरून उतरवली. आतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि बोल्ट उघडा ठेवला. परक्याच्या हद्दीत रायफल घेऊन पाऊल टाकलं तर ती चोरटी शिकार ठरते. गाडीत मनोरमाबाईंपाशी ठेवता येत नव्हती, परवाना नसलेल्याकडे शस्त्र देणं हाही गुन्हाच. रोझवीटाचे दोन्ही हात दोरीत गुंतलेले. उरला एकच माणूस.

"धरा," ती म्हणाली.

ब्रांडलने रायफलीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"तुम्ही त्याच्या दाराशी जाणार? माझ्या रानातून?"

"माझ्या हरणीसाठी."

"एप्रिलमध्ये कागद माझ्या टेबलावर येईल, फ्राऊ सरनाईक."

"माहीत आहे. धरा."

त्याने एकदा पलीकडच्या घराकडे पाहिलं. मग स्प्रूसची फांदी त्याने काखेत धरली आणि रायफल घेतली. आता त्याच्याकडे दोन रायफली होत्या, एक खांद्यावर आणि एक हातात.

गाडीचं दार वाजलं. मनोरमाबाई शाल गुंडाळत काठाशी आल्या.

"कुठे निघालीस?"

"त्या घरी. परवानगी मागायला."

"देणार आहे का तो?"

"माहीत नाही."

"मग मी येते. परक्याच्या दारात एकटं जाऊ नये." त्यांनी पलीकडे नजर टाकली. "अपॉइंटमेंट लागत नाही ना? या लोकांचा नेम नाही."

"आई, काल तुम्हीच म्हणालात, चुकला म्हण."

"काल म्हणाले." मनोरमाबाईंनी सुनेचा दंड धरला आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. "तो म्हातारा सकाळपासून तुझ्याकडे सरळ बघत नाहीये. असली पोरं मी ओळखते."

दुसऱ्या दगडावर त्यांचा पाय घसरला, बूट पाण्यात गेला. त्या थांबल्या नाहीत. चढावर गवत जानेवारीला न शोभण्याइतकं उंच आणि ओलं होतं. नीलांबरीने एकदाच मागे पाहिलं. रोझवीटा कुत्रीजवळ उकिडवी बसली होती. ब्रांडल हद्दीच्या दगडापाशी होता.

घराच्या दाराला घंटा होती. नीलांबरीने ती दाबली. आत मोठा कुत्रा भुंकला. थोड्या वेळाने तिने पुन्हा दाबली.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक म्हातारा डोकावला, बनियनवर स्वेटर ओढत.

"कोण?"

"माझं नाव नीलांबरी सरनाईक. मी हेर ब्रांडलच्या रानात शिकार करते. काल संध्याकाळी मी एका हरणीला पोटात गोळी घातली. नेम वाईट होता. ती तुमच्या हद्दीत आली आहे. आम्हाला कुत्री आत आणायची आहे."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. मग मनोरमाबाईंच्या ओल्या बुटाकडे. मग त्यांच्या डोक्यावरून खाली, ओढ्याच्या दिशेने.

"तिथे उभा आहे तो कोण?"

"हेर ब्रांडल."

"त्याच्या हातात काय आहे?"

"माझी रायफल."

खिडकी बंद झाली. कुत्रा भुंकायचा थांबला. आत जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली, किंवा वाजल्यासारखी वाटली.

"येतोय का?" मनोरमाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

नीलांबरीने दारावरची नजर हलवली नाही. खाली, ओढ्याच्या काठी, आफ्रा एकदा भुंकली. दार अजून बंद होतं.