एकाच वारेच्या दोघी

डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या सुनेवर खोटा आळ घेतलात. तोही भर वॉर्डात, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर, ओल्या बाळंतिणीच्या पायाशी उभं राहून. "जुळ्यातलं एक एवढं नि दुसरं एवढुसं? इतके महिने काय हवा खाऊन राहिलात का बाई?" शिकाऊ हसले. तुम्ही पुढच्या खाटेकडे वळलात. तुमचं काम संपलं, आमचं तिथून सुरू झालं.

मी खानावळ चालवते. उपाशी माणूस मला दारातून कळतो. आणि माझी सून उपाशी? अहो, ती हात जोडायची. "आई, पुरे करा. पोटात दोघं आहेत, अख्खी पंगत नाही."

"तू गप्प बस आणि तिघांचं जेव," असं मी म्हणायचे. जेवायचीही बिचारी, माझ्या धाकानं.

दोन मुली झाल्या. थोरली आली तीच वॉर्ड डोक्यावर घेत, म्हणून मी तिला पैलवान म्हटलं. धाकटीची कातडी अशी सैल, की वाटावं बहिणीचा सदरा घालून आलीय. ती काडीपैलवान. तिला लगेच उबेच्या खोलीत काचेच्या पेटीत नेलं. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, आईनं रोज येऊन हिला उघड्या छातीशी धरायचं, तीच खरी ऊब, त्यानंच ती अंग धरेल.

पण तुम्ही बोलून गेलात आणि सून जागची हलेना. दूध काढून वाटीत द्यायची, पैलवानला पाजायची, आणि उबेच्या खोलीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायची.

"अगं, चल ना. वाट बघत असेल ती."

"नको आई. पोटात असताना मी तिची उपासमार केली. आता कुठल्या तोंडानं जवळ घेऊ?"

"वेडी की खुळी! मी वाढलं ते काय मांजरानं खाल्लं?"

"मग ती अशी का?"

खानावळीतलं सगळं सांगेन, हे कसं सांगू? माझा मुलगा बायकोची समजूत घालायला गेला तो स्वतःच रडून परत आला. बापावर गेलाय. तिकडे काडीपैलवानचं वजन रोज उतरत चाललं होतं.

शेवटी मी प्रसूतिगृहातल्या थोरल्या सिस्टरला गाठलं. आवाज असा, की वॉर्डातल्या बायका तिला फौजदार म्हणतात. मी म्हटलं, "तुमच्या हातावर झाल्या ना पोरी? मग या, आणि खरं काय ते हिला सांगा."

फौजदार आली. खाटेवर तिनं बाळाचं दुपटं पसरलं.

"ही वार समज, पोटात बाळांना पोसते ती. तुझ्या दोघींना मिळून एकच होती. थोरलीची नाळ इथं मधोमध, चांगली जाडजूड. धाकटीची पार इथं, काठाला. तीही धड वारेत रुजलेली नाही, पातळ पडद्यावरून बारीक शिरा रांगत गेलेल्या. म्हणजे तिच्या वाट्याला वारेचा एवढासा कोपरा आला. तू कितीही जेवलीस तरी त्या कोपऱ्यातून येईल तेवढंच तिला. तुझ्या खाण्यात खोट असती, तर पैलवान पैलवान झाली असती का?"

सून म्हणाली, "माझं मन राखायला बोलताय तुम्ही."

"मन राखायला मला वेळ असतो का गं?"

"मग दाखवा मला ती वार."

फौजदारचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ती नाही आता. मी साहेबांना म्हटलं होतं, जुळ्यांची आहे, एकदा नजर टाका, तपासणीला पाठवू. ते म्हणाले, बाळं निघाली ना? मग टाका ती घाण. इथं तसंच करतात."

ऐकलंत? हे तुम्ही म्हणालात, साहेब. जिनं दोन जीव पोसले ती घाण, आणि दोष आईला.

"पण थांब," फौजदार म्हणाली, "वार गेली, नाळेचं टोक कुठं गेलंय? दोघींच्या बेंबीला आहे अजून. चल, स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

मी पैलवानला उचललं. सून आमच्या मागून आली, भिंत धरत, चोरासारखी. फौजदारनं दोघींना शेजारी शेजारी निजवलं. पैलवानच्या बेंबीचं टोक वाळत आलं होतं, तरी माझ्या करंगळीएवढं. काडीपैलवानचं लंगोटाच्या घडीआड दिसेना.

"घडी सरकव," फौजदार म्हणाली. "माझ्याकडे काय बघतेस? आई तू आहेस."

सुनेनं एका बोटानं घडी सरकवली. बुटाच्या नाडीएवढी नाळ. बस, तेवढीच. त्या नाडीवर ती पोर इतके महिने तगून राहिली होती.

सून बघत राहिली. बोट मागं घ्यायला गेली, तर काडीपैलवाननं ते पकडलं. सोडेना.

मी म्हटलं, "बघ, नाव उगाच नाही ठेवलं मी."

ती हसली आणि लगेच रडली. मग खुर्चीत बसून तिनं गाऊनची बटणं सोडली. फौजदारनं पोरगी तिच्या छातीशी ठेवली, वरून दुपटं टाकलं. नुसतं जावळ दिसत होतं.

"आई," सून हळूच म्हणाली, "गरम आहे हो ही."

मला कांद्याशिवाय रडायची सवय नाही, साहेब. मी पैलवानला घेऊन खिडकीशी गेले.

आता ती रोज जाते, आणि काडीपैलवानचं वजन उतरायचं थांबलंय. पण अजून मधेच धाकटीच्या पाठीवरचा हात थांबतो आणि ती मला विचारते, "आई, मग डॉक्टर तसं का म्हणाले?" सिस्टरनं सांगितलं, स्वतः पाहिलं, तरी तुमचा काटा निघत नाही. ज्यानं टोचला त्यानंच काढावा.

उद्या राउंडला याल, तेव्हा त्याच खाटेशी थांबा. शिकाऊंचा घोळकाही आणा, आणि आवाज त्या दिवशीएवढाच मोठा ठेवा. माझी सून उत्तर मागतेय: तिचं खाणं चुकलं होतं, की तुमचं बघणं?