वरच्या वाडीचं सुतक

घोडेगावात माझं चहाचं हॉटेल आणि समोर कानजीभाई पटेलांची लाकडाची वखार. घराणं कच्छचं. कानजीभाईंचा जन्म इथला, तरी म्हातारी माणसं शेवटपर्यंत त्यांना 'पावणं'च म्हणायची. आपल्याकडं असंच असतं. पिढ्यान् पिढ्या राहा, सातबाऱ्यावर नाव लावा, भावकी नसली की तुम्ही पाहुणेच.

त्यांचे वडील एक करवत घेऊन इथं आले आणि वर्षाच्या आत, तान्ह्या कानजीभाईंना मागं ठेवून, त्यांची बायको वारली. भावकीत कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. यांच्या दारात एकही आलं नाही. त्या माणसानं राग धरला नाही, नेम धरला. वखार उभी राहिल्यावर मयताच्या लाकडाला पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरवून टाकलं. कानजीभाईंनी तेच चालवलं. डोंगरातला कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून वखारीपुढं गप उभा राहिला, की ते नाव-गाव न विचारता टेम्पो भरायला लावायचे. भर पावसात वाळकी लाकडं घेऊन स्वतः वाड्यांवर जायचे. मी चेष्टा करायचो, असा धंदा केला तर बुडाल म्हणून. ते हसून चहा सांगायचे. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या महिन्यात ते गेले. अंत्ययात्रेला तालुका लोटला, पण लाकडं त्यांच्याच वखारीतली. गर्दी म्हणजे भावकी नव्हे. दुसऱ्या दिवशी बाजार सुरू झाला, माझं हॉटेलही. सुतक धरायला घरात एकटी लेक, तेजस्विनी. भुजहून मामा आला होता. वखार वीक, माझ्याबरोबर चल, इथं आपलं कोण आहे, एवढंच त्याचं चाललं होतं. दहावा झाला की निघायचं ठरलं.

मधेच तिनं मला बोलावलं. वरच्या वाडीतल्या अंबाबाईच्या नातीचं, मोहिनीचं, लग्न होतं. कानजीभाईंनी तिला सागाचं कपाट कबूल केलं होतं. कपाट सुताराकडं तयार होतं, पण सुतकात तेजस्विनीला जाता येईना. "संपतकाका, तुम्ही पोचवा," ती म्हणाली. "पप्पांचा शब्द राहायला नको."

गेलो. वाडीत ना मांडव, ना वाजंत्री. अंबाबाई अंगणात नाचणी पाखडत बसलेली. सोयरीक मोडली की काय, म्हणून मी थेट तिलाच विचारलं.

"लगीन फुडं ढकललं," ती म्हणाली. "सुतकात कसं लावायचं?"

"कोण गेलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "इचारतो काय, संपत? कानजी गेला न्हवं का? समदी वाडी सुतकात हाये. देवाला दिवा न्हाई लावला कुणी. दहाव्याला आमची माणसं डोई भादरायला येत्याल, सांग त्या पोरीला."

मला रडू आलं. आणि लाजही वाटली, कारण माझ्या हॉटेलात त्या वेळी भजी तळली जात होती.

परत आलो, आधी शटर खाली ओढलं, मग समोर गेलो. सगळं सांगितलं. तेजस्विनी तोंडाला ओढणी लावून मनसोक्त रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. मग डोळे पुसून मामाकडं वळली आणि मराठीतच म्हणाली,

"मामा, मला निघता येणार नाही. घरात लग्न आहे."