ठमाबाईची उभी गाडी

माजिवड्याच्या रस्त्याला कुणाची गाडी मोडली, की लोक हमखास ठमाबाईचं घर दाखवायचे. तिचा नवरा भिवा मिठागरावरचं मीठ बैलगाडीने कल्याणला नेई. तो गेला, बैल विकले, गाडी तेवढी अंगणात उभी राहिली. चाकं अजून धडधाकट. त्यामुळे ज्याचं चाक मोडे तो विचारत येई, हे माझ्या गाडीला बसेल का?

बसत नसे. मिठाचं ओझं पेलावं म्हणून भिवाने दोन चाकांमधला आस जाड करून घेतला होता, त्यामुळे चाकाच्या मधल्या तुंब्याचं भोकही मोठं. दुसऱ्याच्या आसावर ते चाक डुलायचं. ठमाबाईला हे पक्कं ठाऊक. पण आधीच सांगितलं तर माणूस दारातूनच परतायचा, म्हणून म्हातारी आपली गप्प. येणारा चाक काढी, चढवून बघी, पुन्हा जागेवर लावी. तेवढ्यात पेज होई, चार गोष्टी होत. लबाडी म्हणा हवी तर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एका दुपारी ठाकुर्लीचा दगडू रडतखडत गाडी घेऊन आला. आगगाडीच्या दुसऱ्या मार्गाचं काम निघालं होतं, त्यावर तो दगड वाहायचा. एका चाकाचा तुंबा चिरला होता.

"आये, तुजं चाक बसतंय का बगू?"

"बग ना. नुसतं बगून कलत नाय, चढवूनच बग," म्हणत तिने चुलीवर पेज ठेवली.

दगडूने तिच्या गाडीखाली धोंडे रचले, चाक काढलं, आपल्या आसावर चढवून खीळ मारली. फिरवलं. चाक डुललं नाही. दगड वाहणाऱ्याचा आसही जाड असणार, हे म्हातारीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पेजेचं भांडं घेऊन ती दारात थांबली. नाही म्हणावं असं फार वाटलं.

"देशील का, आये? मना सांजच्या आत पोचायचं हाय. बोल, काय देऊ?"

"ने. पन तुजं चिरलेलं चाक माज्या गाडीला लाव."

"ते कुनाच्या कामाचं?"

"नसू दे कामाचं. गाडी खाली बसली तं रस्त्यावरनं दिसल कशी? मंग विचाराला कोन येल?"

दगडूने चाक लावलं, रस्त्यावरून दिसू नये म्हणून चीर खालच्या अंगाला येईल असं फिरवून ठेवलं. मग घाई असूनही ओट्यावर टेकला आणि पेज मागितली.