मिठाचं गाडगं

प्रेमलाची कादंबरी शेवटच्या प्रकरणावर आली होती, आणि ते कसं लिहायचं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सोलापुरातल्या हायस्कुलात मराठी शिकवायची ती. लेखणीला धार, जिभेलाही.

गोष्ट तिच्या सासूची, गोजरबाईंचीच होती. निजामाच्या शेवटच्या दिवसांत बार्शीपलीकडच्या त्यांच्या गावात रझाकारांनी तळ ठोकला आणि बंदुकीच्या धाकानं गोजरबाईंना त्यांच्यासाठी रांधायला लावलं. रझाकार गेले, पण गावानं ते मनात धरलं. तेव्हापासून भावकीतलं कुणी गोजरबाईंच्या हातचं खात नव्हतं. त्यांची थोरली जाऊ मथुराबाई आता सोलापुरातच दोन गल्ल्या सोडून राहायची. दर रविवारी यायची, तासभर बसायची, पण पाण्याचा घोट घ्यायची नाही. प्रेमलाला याची भयंकर चीड होती.

म्हणून कादंबरीतल्या बाईनं आमटीत विष कालवलं आणि सगळा तळ तडफडून मेला. आता बघू कोण तोंड वर करून बोलतंय!

ते तिनं सासूला ठसक्यात वाचून दाखवलं.

"मी कुणाला इख घातलं न्हाय," गोजरबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे, आत्याबाई. पण त्याशिवाय तुमच्यावरचा डाग जायचा नाही."

"मग डाग जाईल ती बाई दुसरीच की," असं म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

दुपारी पहिल्याच घासाला प्रेमलाचं तोंड वाकडं झालं.

"आत्याबाई, आमटीत मीठ विसरलात."

"संपलंय."

फळीवरची मिठाची बरणी तर काठोकाठ भरलेली!

"त्यास्नीबी असंच सांगितलं हुतं," गोजरबाई शांतपणे म्हणाल्या. "मिठाचं गाडगं चुलीमागं पुरलं आन रोज अळणी रांदलं. म्होरक्यानं बंदूक रोखली, तरी संपलंयच म्हनले. आपलं मीठ खाल्लं की मानूस घरचा हुतो. त्यास्नी मी घरचं केलं न्हाय. खोटं लिवनाऱ्या सुनंलाबी करायची न्हाय."

"मग गावाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

प्रेमला आधी सासूवर चिडली, मग स्वतःवर. ती अळणी आमटी तिनं मुकाट्यानं संपवली, विषाची पानं टराटरा फाडली आणि नव्यानं लिहायला बसली.

पुढच्या रविवारी मथुराबाई आली. प्रेमलानं तिला समोर बसवून नवा शेवट खणखणीत आवाजात वाचला.

"आमटीच्या वाट्या भिरकावायचे मुडदे," मथुराबाई म्हणाली. "आमाला वाटायचं, माजलेत. तुला इचारायचं कुणाच्या मनात आलं न्हाय बग, गोजर." तिनं स्वतःच पाट ओढून घेतला. "बगतीस काय? वाढ की."

गोजरबाईंनी ताट मांडलं आणि रीतीप्रमाणे आधी मीठ वाढलं. जरा जास्तच पडलं.

मथुराबाईनं ते सगळं खाल्लं.